गळ शिकायचा तर थंडीत

दिवाळी सरली, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली, पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसू लागली, की गावातल्या पोरांना तळ्याची ओढ लागते. या दिवसांत पाझर तलाव भरलेले असतात. नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना फळ्या लागून मागे डोह तुंबलेले असतात. धरणाचा फुगवटा शेताच्या बांधापर्यंत आलेला असतो. पावसाळ्यातला गढूळपणा जाऊन पाणी निवळते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मंडळी सुटीला गावी आली की तीही काठी-दोरा घेऊन काठावर दिसतात. अलीकडे तर मोबाईलवर पाहून रीळवाली महागडी काठी मागवणारेही पुष्कळ आहेत. दिवसभर बसतात, संध्याकाळी हात हलवीत घरी येतात आणि म्हणतात, "तळ्यात मासाच राहिला नाही."

मासा असतो. पण थंडीतला मासा पावसाळ्यातल्या माशासारखा वागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कारण आपल्याकडे बहुतेकांची मासेमारीशी पहिली ओळख होते ती मिरगाच्या पहिल्या पावसात, ओढ्याला पाणी सुटल्यावर. तेव्हा मासे धरायला अक्कल लागत नाही, नुसते हात लागतात. गळ टाकायला खरोखर शिकायचे असेल, तर त्याची शाळा थंडीत भरते. ते का, आणि सुरुवात कशी करावी, हे आज पाहू.

मिरगातली लूट

पहिला जोरदार पाऊस झाला की नदी-तळ्यातले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने ओढ्यात, ओघळीत, भातखाचरात चढतात. घाटावर आणि कोकणात यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगण म्हणतात. त्या वेळी अख्खा गाव काठ्या, पाट्या, जुन्या मच्छरदाण्या घेऊन ओढ्यात उतरतो. मासा पोटात अंडी घेऊन उथळ पाण्यात आलेला असतो, त्याला पळायला जागा नसते.

एक-दीड किलोच्या रोहूच्या मादीच्या पोटात लाखांच्या घरात अंडी असतात. त्यातली फार थोडी जगतात हे खरे, पण ती एक मादी पाटीत गेली की तेवढीही उरत नाहीत. मग डिसेंबरात डोह रिकामा दिसला, तर दोष कुणाचा? थंडीत गळाला लागणारा मासा हा मिरगात वाचलेल्या माशांची पोरे. एवढे ध्यानात घेतले तर पुढचे सगळे नियम सोपे जातात.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या धरणांतले नेहमीचे मासे मूळचे उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांचे. ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात वाढतात, पण सहसा विणत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या जातींच्या माशांची वीण करून दाखवली. तेव्हापासून बीजकेंद्रांचा मार्ग खुला झाला. म्हणूनच १० जुलै हा दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज गावतळ्यात रोहू दिसतो तो बहुधा कुणीतरी पैसे मोजून आणलेल्या बोटुकलीचा झालेला असतो.

थंडीत मासा करतो काय?

माशाचे अंग पाण्याइतकेच गार किंवा गरम असते. आपल्यासारखी अंगची ऊब त्याला नसते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते, हालचाल संथ होते. पावसाळ्यानंतर जो रोहू आमिषावर तुटून पडत होता, तोच आता ते तोंडात घेऊन चाखतो आणि थुंकून टाकतो. तळ्यावर मासा नाही असे वाटते ते याच कारणाने.

हीच गोष्ट ज्या देशांत तळी गोठतात तिथे टोकाला गेलेली दिसते. फिनलंड, कॅनडा, अमेरिकेतले मिनेसोटा राज्य इथे लोक गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. म्हणून बर्फ वर राहतो, तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी असते आणि मासे तिथे जगतात. बर्फ स्वच्छ आणि किमान ४ इंच जाड असल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये, असा मिनेसोटात नवख्यांना पहिला धडा देतात. आणि दुसरा धडा असा की काठी आखूड व हलकी, दोरा बारीक, आमिष चिमूटभर, आणि मासा असेल त्या खोलीपर्यंतच गळ सोडायचा. कारण गारठलेला मासा आमिषामागे धावत नाही, ते त्याच्या तोंडासमोर न्यावे लागते.

आपले पाणी गोठत नाही, पण दुसरा धडा आपल्यालाही तंतोतंत लागू आहे. थंडीत सामान हलके, आमिष लहान आणि नजर तीक्ष्ण हवी.

सामान: थोडे, पण नेमके

काठी. पहिल्या वर्षी रीळवाली काठी नको. दहा-बारा फुटांचा सरळ, शेंड्याला निमुळता होत गेलेला कळक घ्या. तो सावलीत वाळवा. वाकडा असेल तर मंद आचेवर शेकून सरळ करा. शेंडा लवचीक पाहिजे. मासा ओढ घेतो तेव्हा धक्का शेंड्याने खायचा असतो, दोऱ्याने नव्हे.

दोरा. नायलॉनचा तंगूस सगळीकडे मिळतो. जाड घेण्याचा मोह टाळा. थंडीत पाणी स्वच्छ असते आणि जाड दोरा माशाला दिसतो. चिलापी, खवल्या अशा लहान माशांना ०.२० ते ०.२५ मिलिमीटरचा आणि किलोभराच्या रोहू-मृगळाला ०.३० मिलिमीटरचा पुरतो. दोरा काठीच्या लांबीएवढाच ठेवा. मागच्या वर्षीचा उन्हात पडलेला तंगूस वापरू नका, तो आतून कुजलेला असतो आणि नेमका मोठ्या माशालाच तुटतो.

गळ. गळाच्या नंबरात नवखा हमखास फसतो, कारण साध्या नंबरांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. १० ते १२ नंबर लहान माशांना, ८ नंबर चिलापीला, ६ नंबर रोहू-मृगळाला. शंका आली तर लहानच घ्या. लहान गळाला मोठा मासा लागतो, मोठ्या गळाला लहान मासा लागत नाही आणि थंडीत मोठाही बिचकतो. टोक नखावर टेकवून पाहा. अडकले तर धार आहे, घसरले तर घासून घ्या.

तरंगी. पाण्यावर तरंगणारी ही खूण म्हणजे गळवाल्याचे डोळे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची किंवा ज्वारीच्या ताटातल्या भेंडाची, पेन्सिलीएवढी बारीक आणि चार बोटे लांब तरंगी घरी करता येते. बाजारातली लाल गोल, लिंबाएवढी तरंगी थंडीत कामाची नाही. गारठलेला मासा इतक्या हळू ओढतो की ती हलतसुद्धा नाही.

शिसे. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा बारीक तुकडा चिमटायचा. तरंगीचे फक्त टोक पाण्यावर राहील इतके वजन ठेवा. एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. शिसे दातांनी चावून बसवण्याची सवय पुष्कळांना आहे. शिसे विष आहे, पोरांना तर फारच घातक. पकडीने चिमटा आणि उरलेले तुकडे काठावर टाकू नका, पाणपक्षी ते गिळतात.

याखेरीज एक हातजाळी, गळ काढायला बारीक तोंडाची पकड, मासे ठेवायला ओले गोणपाट आणि पिण्याचे पाणी. संपले सामान.

गाठ नीट बसली पाहिजे

मासा सुटतो तो दहातल्या निम्म्या वेळा गाठीमुळे. साधी गाठ तंगुसावर घसरते. त्यासाठी अशी मारा. दोऱ्याचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवा. ते टोक मुख्य दोऱ्याभोवती पाच वेळा पिळा. मग नेढ्याजवळ जो लहानसा फास राहतो, त्यातून टोक ओवून घ्या. थुंकीने ओले करा आणि हळूहळू ओढून आवळा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. उरलेले टोक कापा. घरी बसून ही गाठ वीस वेळा मारा, म्हणजे काठावर गारठलेल्या बोटांनीही जमेल.

आमिष आणि जागा

गांडूळ हे सर्वांत भरवशाचे आमिष. उकिरड्याखाली, केळीच्या बुंध्याशी ओलाव्याला सापडतात. पण अख्खे गांडूळ लावू नका, अर्ध्या बोटाचा तुकडा पुरे. रोहू-मृगळाला घट्ट मळलेली कणीक चालते. तिची गोळी ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी करा, शेंगदाण्याची पेंड मिसळली तर वास चांगला सुटतो. जागेवर मासा जमवण्यासाठी पेंड आणि भाताचा कोंडा ओला करून टाकतात. उन्हाळ्यात घमेलेभर टाकणारे आहेत, थंडीत मूठभरच टाका. जास्त टाकले तर आधीच मंद भुकेचा मासा तेवढ्यावरच भागवतो आणि गळाकडे ढुंकून पाहत नाही.

वेळही बदला. पहाटेच्या धुक्यात जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार ही थंडीतली खरी वेळ. ऊन पडते त्या काठाचे पाणी आधी तापते आणि मासा तिकडे सरकतो. आदल्या रात्रीपेक्षा दिवस उबदार असेल तर अधिक चांगले. बुडालेला बांध, जुन्या विहिरीचा कठडा, पाण्यात गेलेले बाभळीचे खोड, उथळ पाणी एकदम खोल होते ती कड, अशा जागा बघा. पाण्याखाली कुठे काय आहे, हे ज्याची जमीन फुगवट्यात गेली त्या म्हाताऱ्याला विचारा. त्याच्याइतके कुठल्याही यंत्राला कळणार नाही.

खोली मोजल्याशिवाय गळ टाकू नका. गळाला तात्पुरते जड शिसे अडकवून सोडा. तरंगी बुडाली तर दोरा कमी आहे, आडवी पडली तर जास्त झाला. टोक नेमके पाण्यावर राहील अशी तरंगी सरकवा आणि जड शिसे काढून घ्या. आता आमिष तळाला टेकते. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात फिरतो, कटला वरच्या थरात. थंडीत तळापासून सुरुवात करा आणि चावा नसेल तर वीतवीत वर घ्या.

काठावर पाय आपटू नका. जमिनीचा हादरा पाण्यात जातो. खाली बसा, आपली सावली गळाच्या जागेवर पडू देऊ नका.

चावा आणि ओढ

तरंगी एकदम गडप झाली तरच मासा लागला, ही समजूत सोडा. थंडीत ती नुसती थरथरते, बोटभर बाजूला सरकते, कधी उलट थोडी वर उचलली जाते. वर उचलली म्हणजे माशाने तळावरून आमिष घेऊन शिशाचे वजनही उचलले. अशा वेळी मनगट हलकेच वर घ्या. काठी डोक्यावरून मागे फेकू नका. हिसका दिला की माशाचा ओठ फाटतो किंवा गळ तोंडातून निसटतो.

मासा लागल्यावर काठी उभी ठेवा, दोरा ताणलेला राहू द्या. तो पळेल तिकडे काठी फिरवा, पण ढील देऊ नका. दमला की आपोआप आडवा होतो. मग हातजाळी आधी पाण्यात धरून मासा तिच्यावर आणा. जाळी माशामागे नेऊ नका.

ठेवायचा कुठला, सोडायचा कुठला?

गळाचा मोठा गुण हा की मासा जिवंत हातात येतो आणि निवड करता येते. जाळ्यात किंवा सुरुंगात ती सोय नाही. वीतभर रोहू, कटला, मृगळ पाण्यात परत सोडा. ते अजून एकदाही विणलेले नसतात. सोडताना हात ओले करून धरा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे कवच आहे, कोरड्या हाताने ते निघते. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोरा कापून सोडा.

चिलापी मात्र हवी तेवढी घ्या. हा आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी तोंडात ठेवून जपते, त्यामुळे पिल्ले फार जगतात आणि चिलापी भराभर वाढते. भीमेवरच्या उजनी धरणात आज तिचेच राज्य आहे. नवख्याला शिकायला तिच्यासारखा मासा नाही.

मरळ पिल्लांसोबत दिसला तर त्याला हात लावू नका. नर-मादी पिल्लांचा थवा राखत असतात. आईबाप गेले की सगळा थवा इतरांच्या पोटात जातो. महसीर लागला तर तो सोडूनच द्यावा. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि पालघरमधल्या तिळसे गावी वैतरणेत लोकांनी देवाचे मासे म्हणून ते पिढ्यान् पिढ्या राखले. जिथे राखले तिथे ते आजही दिसतात.

विचारून गळ टाका

तळे सरकारचे, म्हणून मासा फुकटचा, असे नाही. धरणे आणि तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असतात, पुष्कळदा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना. भोई, कोळी समाजातल्या कुटुंबांची चूल त्यावर पेटते. बोटुकलीचे पैसे त्यांनी भरलेले असतात. एक-दोन मासे गळाने धरायला बहुतेक ठिकाणी कुणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारलेले बरे. त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकू नका. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, कोयनेच्या शिवसागराचा परिसरही अभयारण्यात येतो. अशा ठिकाणी वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सुरुंग आणि विष घालून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे. तरी अजून कुठे कुठे चालते. त्यात हात गमावलेली माणसे आहेत आणि विष घातलेल्या डोहाचे पाणी गुरेही पितात. तारेतून वीज सोडणारे तर आपल्याच मरणाला बोलावतात.

जीव आधी, मासा मागून

रब्बीचे आवर्तन सुटले की फुगवटा खाली जातो आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, आत कमरेइतका. काठीने चाचपल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात बसू नका, पाणी कधी सुटेल सांगता येत नाही. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी आणि वायरी पसरलेल्या असतात, वर लोंबत्या तारा असतात. ओला कळक किंवा बाजारातली कार्बनची काठी तारेला लागली तर संपलेच. काठी उचलण्याआधी वर पाहण्याची सवय लावा.

शिंगी आणि शिंगाड्याचे काटे हाताला जपा. शिंगीचा काटा लागला तर ठणका असह्य होतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवला की वेदना कमी होते, मग दवाखाना गाठा. गळ बोटात काट्यापर्यंत रुतला तर घरी ओढाओढ न करता डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. काठावर चौकटी-चौकटींचा साप दिसेल, तो बहुधा दिवड. दिवड बिनविषारी, त्याला मारू नका. साप ओळखू येत नसेल तर लांब राहा. आणि पोहता येत असो वा नसो, एकट्याने जाऊ नका.

एवढे सांभाळून दोन-तीन रविवार बसलात की पाण्याची भाषा कळू लागते. वारा कुठला, बुडबुडे माशाचे की गाळाचे, तरंगी लाटेने हलली की चाव्याने, हे पुस्तकात शिकता येत नाही. एक-दोन मासे घरी आले तरी त्या दिवसाचे कालवण होते. आणि पुढच्या मिरगात ओढ्याला पाणी सुटून मासे चढू लागले, तर या वेळी पाटी घरीच ठेवा. पोरांना काठावर उभे करून दाखवा, की येत्या डिसेंबरात आपल्या गळाला लागायचे ते हेच चालले आहेत.